अध्यक्ष श्रीगणपती, मुक्काम बेसमेंट, ट्रॉय

ट्रॉय, मिशिगन
१२ एप्रिल २०२५

प्रिय उत्तरा,

टपालाचं पाकीट बघून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही आणि मी ठणठणीत आहे. माझ्या ई-मेलवर आता माझा हक्क उरलेला नाही, म्हणून हा कागद. गेल्या नाताळात वेद "बाबा, मी सगळं एका अकाउंटला जोडून देतो" म्हणाला आणि तेव्हापासून मी इथे टाइप केलेलं प्रत्येक अक्षर वीस मैलांवर त्याच्या आयपॅडवर उमटतं. एरवी चाललं असतं. पण सध्या माझा हा वकील मुलगा शत्रुपक्षात आहे.

प्रकरण असं आहे. पाडव्याच्या कार्यक्रमात मंडळाची सभा झाली. तिथे मंजुषा उठली. मंजुषा म्हणजे नोव्हायला राहणारी, मूळची नागपूरची, चाळिशीची बाई. गाड्यांच्या कंपनीत तिच्या हाताखाली साठ माणसं आहेत आणि मंडळातही ती आम्हाला त्यांच्यातच धरते. तिनं भर सभेत विचारलं, "काका, तुम्ही एकोणीस वर्षं अध्यक्ष आहात. लास्ट इलेक्शन कधी झालं?"

मी म्हटलं, मी अध्यक्ष नाहीच. आणि ते खोटं नाही. १९७९ साली आम्ही सात कुटुंबांनी मंडळ काढलं, तेव्हा अध्यक्षपदाला सात उमेदवार होते. चार रविवार भांडण चाललं. शेवटी मंडळातल्या कांचनमावशींच्या यजमानांनी तोडगा काढला: अध्यक्ष श्रीगणपती, कायमचे. माणसानं फक्त त्यांचा प्रतिनिधी व्हायचं आणि प्रतिनिधी असेल त्याच्या घरी मूर्ती राहील. आमच्या घटनेत हे टाइप करून ठेवलंय. आता अध्यक्ष मरत नाहीत, राजीनामा देत नाहीत, मुदत संपत नाही, तर प्रतिनिधी बदलायचा प्रश्न येतोच कुठे? हे मी सांगितलं तर मागच्या रांगेत वेद हसला.

आता सगळ्यांना नवी घटना हवी आहे. तू माझी मावसबहीण, त्यात अठ्ठावीस वर्षं अमेरिकन पोरांना सिव्हिक्स शिकवलंस. मला एक अशी घटना लिहून दे जी दिसायला अगदी नवी असेल आणि जिच्यात मी जिथे आहे तिथेच राहीन.

खुर्चीचा मोह नाही मला, विश्वास ठेव. पण खुर्ची गेली की गणपती जाणार. अडीच फुटांची पितळी मूर्ती एकोणीस वर्षं माझ्या बेसमेंटमध्ये आहे. सुमेधा होती तोवर पूजा तीच करायची. ती गेल्यापासून ही दोन वर्षं मी करतो. सकाळी साडेसहाला खाली जातो, दिवा लावतो, मूर्ती पुसतो, त्याच्याशी चार गोष्टी बोलतो. कधी कधी वर यायला दुपार होते. मूर्ती उचलून नेली तर त्या वेळेचं मी काय करू, ते सांग.

लवकर लिही.

तुझा गुरुदादा


मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना
२४ एप्रिल २०२५

गुरुदादा,

वाकून नमस्कार, गुडघे परवानगी देतील तितकाच.

तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा हसायला आणि एकदा विचार करायला. तू जे सांगितलंस त्याला इतिहासात नाव आहे. राजा माणसांना उत्तर देत नाही, कारण त्याला देवानं नेमलंय, असं इंग्लंडचे राजे म्हणायचे. आपल्याकडे त्रावणकोरचे राजे पद्मनाभाचे दास म्हणून गादीवर बसत, ते तुझ्या जास्त जवळचं. फरक एवढाच की त्यांनी देव बेसमेंटमध्ये ठेवला नव्हता.

मी वर्गात पहिल्याच तासाला सांगायचे की अमेरिकेची घटना आकाशातून पडलेली नाही, तिला तीन आजोळं आहेत. एक जुनं, ग्रीस आणि रोमचं. तिथून मतदान आलं, सेनेट आलं. दुसरं चर्चचं. १६२० साली जहाजातून आलेल्या एक्केचाळीस पुरुषांनी किनाऱ्यावर उतरायच्या आधी देवाला साक्षी ठेवून कागदावर सह्या केल्या, की आपण आपल्यासाठी कायदे करू आणि ते पाळू. तिसरं इंग्लंडचं. राजाच्या मनमानीला लेखी वेसण घालायची, ही त्यांची शिकवण. तुमच्या मंडळात या तिघांपैकी फक्त देव आहे. सह्या नाहीत आणि वेसण तर नाहीच.

शिवाय तुझी सभा घ्यायची रीत मी २०१६ साली डोळ्यांनी पाहिली आहे. साडेअकराची सभा, मागच्या टेबलावर झाकलेली पातेली आणि ठराव पास होईपर्यंत श्रीखंडाचं झाकण उघडायचं नाही. एक वाजता लोक वाट्टेल त्याला हात वर करतात. मग तू वहीत लिहितोस, "सर्वानुमते." इंग्लंडच्या पार्लमेंटनं राजाची रसद अडवून हक्क मिळवले. तू राजा असून प्रजेची रसद अडवतोस.

तुला जपून सल्ला देते. मागायच्या आधी थोडं दे. रोमनं राजा घालवला तेव्हा एकाच्या जागी दोन कॉन्सल नेमले, दोघांना सारखा अधिकार आणि एकानं केलेलं दुसऱ्याला अडवता येईल असा नकार. मंजुषाला सहप्रतिनिधी कर. मूर्ती तुझ्याकडे राहील, ती खूश होईल आणि तुला कोणाशी तरी बोलावं लागेल, ते तुझ्या तब्येतीला बरं.

सकाळच्या वेळेबद्दल विचारलंस, तर मी तेव्हा चालायला जाते. पण मला वहिनीचा गणपती पुसावा लागत नाही, हेही खरं.

उत्तरा


ट्रॉय
२० मे २०२५

प्रिय उत्तरा,

रोमन लोक हुशार होते. मंजुषा आणि मी आता दोन प्रतिनिधी आहोत. तीन आठवड्यांत मंडळानं एकही निर्णय घेतलेला नाही.

ती म्हणाली, वार्षिक कार्यक्रमाला मिसळ ठेवू. मी नकार वापरला. मी म्हटलं, साबुदाण्याची खिचडी. तिनं नकार वापरला. तिला लाउडस्पीकर बदलायचा आहे, मला जुनाच हवा आहे. नवीन सभासदांचं स्वागत कोणी करायचं यावर दोघांचे नकार एकाच मिनिटात आले, त्यामुळे नोव्हायची तीन नवी कुटुंबं तेव्हापासून दारात उभी आहेत असं समज. काहीच बदलत नाही. मला हेच तर हवं होतं.

गणपती मजेत. काल त्याच्या मुकुटाला चिंच लावून घासलं.

आणि एक गोड बातमी. वेदला उपरती झालेली दिसते. १५ जूनला फादर्स डे आहे, म्हणून तो मला मंडळाच्या पिकनिकला स्वतः गाडीतून नेणार आहे. म्हणाला, बाबा, नदीकाठी मोकळं कुरण आहे, तुम्ही फक्त खुर्चीत बसा. दहा वर्षांत पहिल्यांदा या पोरानं माझ्यासाठी काही ठरवलं. मला खरंच बरं वाटलं.

गुरुदादा


ट्रॉय
१७ जून २०२५

उत्तरा,

माझा घात झाला.

कुरण होतं, नदी होती, खुर्चीही होती. वेदनं मला झाडाखाली बसवलं, हातात लोणी लावलेलं भाजलेलं कणीस दिलं आणि बाजूला झाला. कणीस अर्धं झालं तेवढ्यात वर बघतो तर माझ्याभोवती पंचवीस माणसं गोल करून उभी. मंजुषाच्या हातात क्लिपबोर्ड. त्यावर बारा मागण्या, खाली सहीला जागा. ती अतिशय नम्रपणे म्हणाली, "काका, इट इज नॉट पर्सनल. फक्त साइन करा, मग केक कापू." केकवर माझा फोटो होता.

मागण्या ऐक. गुप्त मतदान. दोन वर्षांची मुदत. सर्व सभासदांसाठी एकच नियम, प्रतिनिधीसकट. ठराव होवो न होवो, जेवण साडेबाराला. ऑगस्टमध्ये घटनासभा, आणि मूर्तीचा मुक्काम ती सभा ठरवील. मी इकडे तिकडे पाहिलं. वीस वर्षं मला "काका, तुम्ही म्हणाल तसं" म्हणणारी माणसं नदीकडे बघत होती. पाच वाजता मी लोणी लागलेल्या हातानं सही केली.

आता मुद्द्याचं. ही सही रद्द करायचा काही मार्ग आहे का? इंग्लंडच्या एखाद्या राजानं असं काही केलं असेल तर सांग. आणि आणखी एक. सातव्या मागणीत "राजाच्या मनमानीला लेखी वेसण" असे शब्द आहेत. हे मी कुठेतरी वाचलेत. कुठे ते आठवत नाही.

गुरुदादा


मॉरिसव्हिल
२५ जून २०२५

गुरुदादा,

अरे देवा. आधी केक कसा होता ते सांग.

१२१५ सालच्या १५ जूनलाच इंग्लंडच्या जॉन राजाला त्याच्या सरदारांनी नदीकाठच्या कुरणात गाठून मॅग्ना कार्टा कबूल करायला लावला होता. तारीख जुळली हा निव्वळ योगायोग असणार. वेसण हा शब्द मराठीत सगळेच वापरतात.

रद्द करायचं म्हणतोस तर जॉननंही तेच केलं. त्यानं पोपकडे तक्रार नेली आणि पोपनं दोन-अडीच महिन्यांत तो कागद रद्दबातल ठरवला. सरदारांनी पोपला जुमानलं नाही, युद्ध झालं आणि पुढच्या वर्षी राजा आजारानं गेला. कागद मात्र आजतागायत जिवंत आहे. तुझा पोप कोण आहे मला माहीत नाही, पण त्या वाटेनं जाऊ नकोस.

घटनासभेत इतर जुन्या पद्धतींचा विषय निघाला तर माहिती असू दे म्हणून सांगते. अथेन्समध्ये दरवर्षी एकदा लोक जमत आणि मडक्याच्या खापरावर जो माणूस नको असेल त्याचं नाव कोरत. सर्वांत जास्त खापरं ज्याच्या नावाची, तो दहा वर्षं गावाबाहेर. शिक्षा नाही, बदनामी नाही, घरदार शाबूत. नको झालेला माणूस शांतपणे दूर व्हायचा, बस.

(पान उलट.)

पण ही पद्धत चुकूनही सुचवू नकोस. हायपरबोलस नावाच्या पुढाऱ्यानं दोन प्रतिस्पर्ध्यांपैकी एकाला घालवायला खापरांची सभा घडवून आणली. त्या दोघांनी आतून हातमिळवणी केली आणि गेला तो हायपरबोलस. अथेन्सनं त्यानंतर ही पद्धतच सोडून दिली. अमेरिकेची घटना लिहिणाऱ्यांनी हे सगळं वाचलेलं होतं आणि म्हणूनच त्यांनी अथेन्सकडून घेताना हात आखडता ठेवला. तूही ठेव.

उत्तरा


ट्रॉय
२० जुलै २०२५

प्रिय उत्तरा,

तू म्हणजे सोन्याची खाण आहेस.

आधी पोपकडे जाऊन आलो, म्हणजे आपल्या सुमंत गुरुजींकडे. देवळात शनिवार-रविवार पूजा सांगतात, बाकीचे पाच दिवस सॉफ्टवेअर तपासतात. मी म्हटलं, गुरुजी, सही रविवारी पाच वाजता झाली, रविवारचा राहुकाळ साडेचार ते सहा, तेव्हा ती अशुभ आणि बाद. माझी खात्री होती. गुरुजींनी फोन काढला. म्हणाले, "काका, ते साडेचार-सहा कॅलेंडरमधलं, बारा तासांच्या दिवसाचं. इथे जूनमध्ये सूर्य सव्वानऊला मावळतो. ट्रॉयचा राहुकाळ त्या दिवशी सात वीसला लागला. तुमची सही एकदम व्हॅलिड आहे." सेहेचाळीस वर्षं मी या देशात चुकीच्या वेळी घाबरत आलो.

पण तुझी अथेन्सची युक्ती वाचली आणि बेसमेंटमध्ये एकटाच टाळी वाजवली. नको झालेला माणूस शांतपणे दूर. बदनामी नाही. हे तर मंजुषासाठीच बनवलंय. मी लगेच सभेच्या विषयपत्रिकेत घातलं: घटना मंजूर झाल्यावर खापरांचं मतदान, निम्म्याहून जास्त खापरं ज्याच्या नावाची त्यानं एक वर्ष मंडळाच्या कामातून आणि सर्व पदांतून बाजूला व्हायचं. दहा वर्षं मलाच जास्त वाटली, मी काही दुष्ट नाही. वेद वाचून म्हणाला, "बाबा, आर यू शुअर?" मी म्हटलं, शंभर टक्के. मंजुषानंही यावर नकार वापरला नाही, याचं जरा नवल वाटलं.

हार्डवेअरच्या दुकानातून मातीच्या सहा कुंड्या आणल्या, गॅरेजमध्ये टॉवेलखाली हातोडीनं फोडल्या आणि पन्नास तुकड्यांच्या कडा सँडपेपरनं घासून गोल केल्या. कोणाचं बोट कापायला नको. चाळीस वर्षं ब्रेक डिझाइन केले, सवय जात नाही.

मतांचा हिशेब मी मांडलाय. फोन करून एकेकाला विचारलं. प्रत्येकजण म्हणाला, "काका, तुम्ही म्हणाल तसं." गणपती कुठे जात नाही. सभा २ ऑगस्टला.

गुरुदादा


मॉरिसव्हिल
२८ जुलै २०२५

दादा,

पान उलटलं नाहीस का रे? शेवटच्या ओळीखाली "पान उलट" असं ठसठशीत लिहिलं होतं. मागची बाजू आत्ता, या क्षणी वाच आणि तो विषय मागे घे.

तीनदा फोन केला. तू उचलत नाहीस आणि यंत्रावर वहिनीचा आवाज येतो, "आम्ही आत्ता घरी नाही." तो ऐकला की माझ्याच्यानं पुढे निरोप ठेववत नाही. म्हणून सगळ्यात महागडं टपाल करते आहे.

आणि आता लपवून उपयोग नाही. मंजुषा एप्रिलपासून मला फोन करते. वेदनं नंबर दिला. बारा मागण्यांपैकी पाच माझ्या आहेत आणि तारीखही मीच सुचवली. शिक्षिकेकडे कोणीही प्रश्न घेऊन आलं की मला उत्तर द्यावंच लागतं, मग समोरच्याचा समोरचा माझा भाऊ का असेना. राग आला तर चार शिव्या दे, पण ती खापरं फेकून दे.

उत्तरा


ट्रॉय
६ ऑगस्ट २०२५

प्रिय उत्तरा,

सभेच्या धांदलीत आठवडाभर टपालाची पेटी उघडलीच नव्हती, तुझं पत्र परवा, चार तारखेला हातात आलं. शिव्या देत नाही.

सभा उत्तम झाली. घटना मंजूर झाली, या वेळी खरोखर सर्वानुमते आणि जेवल्यानंतर. सुरुवात "आम्ही, मंडळाचे सभासद" अशी आहे. श्रीगणपती अध्यक्ष राहिले. वेदनं हरकत घेतली होती की देव आणि कारभार वेगळे असावेत. शेवटी असं ठरलं की अध्यक्षांना नैवेद्य कायम, मताधिकार नाही. खालच्या कारभारासाठी दर दोन वर्षांनी निवडणूक. पहिली प्रतिनिधी मंजुषा.

मी माझ्या इच्छेनं थोडी विश्रांती घेतली आहे.

मूर्ती रविवारी नोव्हायला गेली. दोन गोधड्या, एक जुनी झोपायची गादी आणि चार दोऱ्या वापरल्या. सोंडेचा डावीकडचा जोड सैल आहे, ते मंजुषाला दाखवून दिलं. तिनं वहीत लिहून घेतलं. हवा चांगली आहे. टोमॅटो आले आहेत.

गुरुदादा


मॉरिसव्हिल
१४ ऑगस्ट २०२५

दादा,

तुझी विश्रांती मला मंजुषाकडून सविस्तर कळली. त्रेचाळीस खापरं. तुझ्या नावाची बावीस, तिच्या नावाची एकोणीस, एकावर "डेट्रॉइटचा बर्फ" आणि एकावर कोणाच्या तरी किराण्याची यादी. निम्म्याहून जेमतेम जास्त, नियम तुझाच. एक खापर इकडचं तिकडे असतं तर गणपती आज तुझ्याकडे असता.

मंजुषा फोनवर बराच वेळ रडली. म्हणाली, "मला रूल्स हवे होते हो उत्तरामावशी, काकांना असं नको होतं." मूर्ती गाडीत ठेवल्यावर तू तिला हात जोडलेस, ते मंजुषाला सहन झालं नाही. तिनं तुला रोज सकाळी पूजेला बोलावलं, तू नाही म्हणालास. हेही सांगितलं.

तिनं आणखी एक गोष्ट पाहिली. मतदानाच्या वेळी कांचनमावशी चष्मा विसरल्या होत्या आणि त्यांच्या खापरावर तू लिहून दिलंस. शहाऐंशी वर्षांच्या बाईनं तुला काय लिहायला सांगितलं ते कोणालाच माहीत नाही. असं अथेन्समध्ये एकदा घडल्याचं सांगतात. अ‍ॅरिस्टायडीज नावाच्या सज्जन पुढाऱ्याकडे एक निरक्षर शेतकरी आला. समोर कोण आहे हे त्याला माहीत नव्हतं. म्हणाला, यावर अ‍ॅरिस्टायडीज लिही. मी ही गोष्ट अठ्ठावीस वर्षं सांगत आले आणि दर वर्षी एखादं पोर विचारायचं की त्यानं खरंच लिहिलं का. तुला विचारते आहे. मावशींनी काय सांगितलं आणि तू काय लिहिलंस?

आणि इकडे ये. हद्दपार माणसाला घरात घ्यायची पद्धतही ग्रीकांचीच. खोली रिकामी आहे.

उत्तरा


ट्रॉय
२२ ऑगस्ट २०२५

प्रिय उत्तरा,

तिकीट काढलं. १२ सप्टेंबरला दुपारी पोचतो. तीन आठवडे राहीन. टोमॅटो आणतोय, विमानतळावर अडवले तर तिथेच उभा राहून खाईन. गणेश चतुर्थीला मंजुषाकडे आरतीला जाईन असं आज कळवलं. वेद न्यायला येणार आहे. या वेळी मी कुठे नेतोस ते आधी लेखी मागितलं आणि त्यानं सही करून दिलं.

मूर्ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी साडेसहाला सवयीनं खाली गेलो. फुलं हातात होती. कोपऱ्यात गालिच्यावर चौरंगाच्या चार पायांचे खड्डे, बाकी काही नाही. फुलं कुठे ठेवावी ते कळेना. वर आलो. सुमेधाचा फोटो दोन वर्षं कपाटात पालथा ठेवला होता, मला तो लावायचा नव्हता. काढला, जेवणाच्या टेबलावर ठेवला, पुढे फुलं ठेवली. मग खूप रडलो. ती गेली तेव्हा रडलो नव्हतो, उत्तरा. तेव्हा लोक जमले होते, चहा करायचा होता, मग पूजा अंगावर आली. रोज तीन तास पितळ घासलं की माणसाला बाकी काही करावं लागत नाही.

आता तुझा प्रश्न.

कांचनमावशी माझ्याजवळ आल्या आणि खापर पुढे केलं. म्हणाल्या, "गुरुदत्त, चष्मा घरी राहिला. यावर तुझं नाव लिही."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, मावशी, हे ज्याला घालवायचं त्याचं नाव आहे. मी काय केलं?

"काही केलं नाहीस, तेच सांगते आहे. दोन वर्षं त्या तळघरात बसून आहेस. माझा नवरा गेला तेव्हा सुमेधा रोज येऊन मला ओढून बाहेर काढायची. ती आता नाही, म्हणून मी तुला काढते आहे. गणपती गेला की तू वर येशील. लिही."

देवाशपथ सांगतो, मनात आलं की मंजुषाचं नाव लिहावं. माझ्या खापरावर मी तेच लिहिलं होतं. मावशींना दिसत नव्हतं, कोणाला कधीच कळलं नसतं. मतं किती जवळ आहेत ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मावशी काठीवर दोन्ही हात ठेवून वाट बघत होत्या आणि त्यांच्या मागे रांग थांबली होती.

मी लिहिलं. माझं अक्षर कसं आहे तुला ठाऊक आहे, पण पूर्ण नाव लिहिलं, वेलांट्या-मात्रांसकट, कोणालाही वाचता येईल असं. मावशींनी खापर डोळ्यांपाशी नेलं, काही दिसलं नाही, आणि विचारलं, "लिहिलंस ना रे?"

मी म्हटलं, "हो, लिहिलं." मग त्यांचा हात धरून टोपलीपर्यंत नेलं आणि त्यांनी ते स्वतः टाकलं.

तुझा गुरुदादा